साळवे सर आणि शेजाऱ्यांची पोटं

आमचे साळवे सर कुणालाही 'काय, बरं आहे ना?' असं विचारत नाहीत. ते विचारतात, "पोट काय म्हणतं?" आणि नुसतं विचारून पुढं जात नाहीत, उत्तर मिळेपर्यंत समोर उभे राहतात.

विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो, चर्चचे पाळकसाहेब असोत की हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आलेली कुणाची नवी सून, प्रश्न तोच. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत कॉलनीत आला. मागं कार्यकर्त्यांचा घोळका, गळ्यात उपरणी. सरांनी त्याचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि विचारलं, "पोट काय म्हणतं?" कार्यकर्ते हसले. उमेदवार मात्र हसला नाही. "सर, जळजळ लई होती हो," तो म्हणाला आणि फाटकाला टेकला. मग काय खाता, कधी खाता, अशी चौकशी सुरू झाली. प्रचारातला माणूस, खाणार काय? सकाळी मिसळ, दुपारी मिसळ. "तर्रीला उगाच नावं ठेवू नका," सर म्हणाले. "मटकी किती वेळ भिजवली ते हॉटेलवाल्याला विचारा. प्रक्रिया विचारा." पत्रकं वाटणारे उन्हात ताटकळत राहिले. तो उमेदवार निवडणुकीत पडला, पण सर रस्त्यात दिसले की अजून गाडी थांबवतो.

'प्रक्रिया' हा सरांचा लाडका शब्द. लग्नाच्या पंगतीत बसले तरी पहिला घास घ्यायच्या आधी ते आचाऱ्याला शोधून येतात. डाळ भिजवली का, भिजवलेलं पाणी फेकलं की त्यातच शिजवली, सालासकट की बिनसालाची. आचारी तोंड चुकवायला शिकलेत.

मी कानडेबाई. पंचायत समितीत नोकरी केली, निवृत्त झाले, आणि नवरा गेल्यापासून संगमनेरच्या या कॉलनीत एकटी राहते. सरांच्या आणि माझ्या घरात एक कुंपणाची भिंत आहे, तीही कमरेएवढी. माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगितलेलं बरं. नोकरीत त्यापायी माझं नुकसान झालं, सासरी त्याहून जास्त झालं, पण जित्याची खोड.

सर मूळचे बेलापूरचे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळं अजूनही बोलताना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असंच बोलतात. त्यांच्या व्हरांड्यात कपड्यांच्या दोरीवर कपडे कमी आणि मोड यायला बांधलेल्या पुरचुंड्या जास्त. एका टोकाला मटकी, मध्ये हुलगे म्हणजे कुळीथ, कडेला मूग. एकदा कुरियरवाला नवीन होता. त्यानं लांबूनच पाकीट पुढं केलं आणि मला हळूच विचारलं, "बाई, करनीबिरनी हाय का हितं?" मी म्हटलं, ख्रिस्ती माणसाचं घर आहे बाबा, इथं कसली करणी. तोवर सर बाहेर आलेच. त्यांनी एक पुरचुंडी सोडली, कोंब आलेला हुलगा त्याच्या तळहातावर ठेवला आणि तासच घेतला. "हे बी म्हणजे झोपलेलं बाळ आहे. त्याच्या उशाशी शिदोरी आहे आणि शिदोरीला कुलूप आहे. पाणी लागलं की ते उठतं आणि आपलं कुलूप आपणच काढायला लागतं. आपण घाईनं तसंच खाल्लं, तर ते कुलूप आपल्या आतड्यांना काढत बसावं लागतं. मग पोट ओरडतं. धान्य तेच, प्रक्रिया वेगळी, तर पोट वेगळं बोलणार." कुरियरवाल्यानं हुलगा खिशात टाकला आणि सही न घेताच निघून गेला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आत सुशीलाताई होत्या.

सुशीलाताई म्हणजे सरांच्या पत्नी. दीडेक वर्षापूर्वी त्यांच्या आतड्याला पीळ पडला. तातडीनं नाशिकला नेलं, ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढावा लागला आणि पोटावर पिशवी बसवावी लागली. जे खाल्लं त्याचं जे व्हायचं ते त्या पिशवीत. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन करून आतडं पुन्हा जोडता येईल, पिशवी जाईल, पण आधी अंगात ताकद आली पाहिजे, अंग भरलं पाहिजे, आणि साखर ताब्यात पाहिजे. ताईंना मधुमेह जुना. प्रथिनं द्या, डॉक्टर म्हणाले. एरवी त्यांच्या घरात मटण, अंडी सगळं चालायचं, पण ऑपरेशनपासून ताईंना अंड्याचा वाससुद्धा सहन होईना. दूध घेतलं की पिशवी भरून वाहायची. राहिली कडधान्यं. आणि कडधान्य म्हटलं की गॅस आलाच.

ताई चर्चच्या गायन मंडळात पुढं उभ्या राहून गायच्या. आवाज असा, की नाताळात आमच्यासारखे हिंदूही ऐकायला जायचे. ऑपरेशननंतर एका रविवारी त्या हट्टानं गेल्या. प्रार्थनेला सगळे मान खाली घालून गप्प बसले असताना पिशवीचा आवाज झाला. माणसाला पोट आवळून धरता येतं, पिशवीला येत नाही. कुणी वळून बघितलं नाही. "कुणीच बघितलं नाही हो बाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "तेच जास्त लागलं." त्यानंतर त्या चर्चला गेल्या नाहीत. घरातही गाणं बंद झालं. पिशवी त्या स्वतः बदलायच्या, दाराला कडी लावून. सरांनासुद्धा आत येऊ द्यायच्या नाहीत.

म्हणजे सरांना काय शोधायचं होतं बघा. ताकद देईल, साखर चढवणार नाही आणि आवाजही करणार नाही असं काहीतरी. त्यांच्या पुण्याच्या मुलानं वनस्पती-प्रथिनांच्या पावडरीचा एक मोठा डबा पाठवला होता. डब्यावर दंड फुगवलेला तरुण. सरांनी भक्तिभावानं तो दिला. दुसऱ्या दिवशी ताईंचं पोट टम्म. मी म्हटलं, फेका तो डबा. सर म्हणाले, "डब्याला कशाला बोल लावायचा? धडधाकट माणसाला पचतही असेल. वाटाण्यातलं प्रथिन तेवढं काढून घेतलंय, आणि गोडी यावी म्हणून भलतंच काहीतरी घातलंय. हिच्या आतड्याला हे पाहुणे ओळखीचे नाहीत, बाई." मग त्यांनी स्वतःच प्रक्रिया हातात घेतली.

त्यातला पेच त्यांनी मला भिंतीवरून कितीदा तरी समजावून सांगितला. कडधान्य अख्खं राहिलं तर ते हळूहळू पचतं, साखर एकदम उसळत नाही, पण ताईंच्या अर्ध्यामुर्ध्या आतड्याला ते झेपत नाही. वस्त्रगाळ पीठ केलं तर पोटाला सोपं, पण साखर लगेच वर. भिजवून, मोड आणून, आंबवून गॅस कमी होतो, पण किती आणि कुणाला, ते ज्याच्या त्याच्या पोटावर. "अख्खं आणि पीठ यांच्या मधलं काहीतरी असलं पाहिजे," सर म्हणायचे.

ते मधलं शोधायला ते बाळूच्या गिरणीत जाऊन बसायचे. मी एकदा बाजरी दळायला गेले होते तेव्हाचं सांगते. बायकांची रांग, आणि पुढं सर.

"बारीक देऊ का भरड?" बाळूनं विचारलं.

"मधलं."

"मधलं कंचं, सर?"

सरांनी पाटीतली चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि रांगेतल्या आम्ही सगळ्या त्यांच्या जिभेकडं बघत उभ्या. "अजून एक फेर," सर म्हणाले.

"आवं सर, माजी गिरन हाय, सोनाराचा काटा न्हाई," बाळू वैतागला. मागं एक बाई म्हणाली की मास्तरांच्या घरी आजारपण आहे, त्यांच्या बायकोसाठी चाललंय हे. बाळूनं पट्टा थांबवला. "ताईंसाठी हाय व्हय? मंग आदी सांगायचं का न्हाई." त्या दिवसापासून तो सरांचं दळण सकाळी सगळ्यात पहिलं, जातं झाडून पुसून करून द्यायला लागला.

आता शेजाऱ्यांचं. सरांनी नवीन काही केलं की ते आधी ताईंना देत नसत. आधी कॉलनीत चारपाच घरी वाट्या जायच्या. कधी हुलग्याचं माडगं, कधी मुगाची आंबवलेली धिरडी, कधी मटकीचं कसलंसं मऊ उकडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात हजर. पोट काय म्हणतं?

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी मायेनं घरी आणून दिलेल्या पदार्थाला नाव ठेवायचं नाही. करपलेलं असू दे, आळणी असू दे, 'छान झालं होतं' म्हणायचं. दुसरी रीत म्हणजे भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यामुळं सरांना सगळीकडून एकच उत्तर मिळायचं, "एकदम हलकं वाटलं, सर," आणि वाटीत लाडू नाहीतर शिरा यायचा. मधुमेहाच्या घरात लाडवांची रास. ताईंच्या नजरेला पडू नये म्हणून सर ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या संपवायचे. त्यांची स्वतःची साखर त्यातच वाढली.

मी एकटी काय ते खरं सांगायचे. "सर, पोटाचा नगारा झाला. दुपारभर बसवलं नाही." वाटीही धुऊन रिकामीच द्यायचे. सरांचा चेहरा उजळायचा. किती वाजता सुरू झालं, वर की खाली, पाणी प्यायल्यावर वाढलं का. एकदा म्हणाले, "बाई, अख्ख्या कॉलनीत एक तुमचंच पोट भरवशाचं आहे." आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी घरी येऊन आरशात बघितलं.

गेल्या हिवाळ्यात मी भाचीच्या बाळंतपणासाठी पारनेरला गेले होते. त्या दिवसांत सरांनी हुलग्याचे शेंगोळे केले. हुलगे भिजवले, मोड आणले, सावलीत वाळवले, भाजले, आणि बाळूकडून ते मधलं दळून आणलं. वाट्या गेल्या. समोरच्या वाकचौरेवहिनींच्या घरी सगळ्यांनी ओवा चघळत दिवस काढला होता, हे मला परत आल्या आल्या कळलं. पण सर सकाळी दारात आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "लई हलकं होतं, सर." बाकीच्या घरांनीही तेच सांगितलं.

मग सरांनी ते ताईंना दिलं. ताईंनी खाल्लं, चांगलं झालंय म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट दगडासारखं झालं, पिशवी कोरडी, उलट्या थांबेनात. चोळूनही भरडीत राहिलेली सालं आत अडकली होती. पुन्हा नाशिक, पुन्हा नाकात नळी, सलाईन. सुटलं ते देवाच्या दयेनं. पण मोठ्या कष्टानं अंगावर चढवलेलं मांस तेवढ्या दिवसांत उतरलं, आणि दुसरं ऑपरेशन लांबलं ते लांबलंच.

मी परत आले तोवर ताई घरी आल्या होत्या, पण व्हरांड्यातली दोरी मोकळी होती. सर खुर्चीत बसले होते. "सलाम, बाई. या," चर्चमधल्या कुणालाही म्हणावं तसं म्हणाले. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्या पोटाचं कुणी विचारलं नाही म्हणून मला रडू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, पण आलं.

मी तशीच वाकचौरेवहिनींकडं गेले आणि तोंड सोडलं. खोटं का बोललात म्हणून विचारलं. त्या आधीच रडून बसलेल्या. "बाई, मानूस एवढ्या जिवानं आनून देतं. त्याच्या तोंडावर कसं म्हनायचं, तुमच्या हातच्यानं पोट बिगडलं म्हनून? आमच्यात न्हाई तसं म्हनत." मी त्यांच्या पायरीवर बसले. कुणाच्याच घरात म्हणत नाहीत, ते मलाही माहीत होतं.

मी वहिनींवर तोंड सोडल्याचं सरांना कळलं होतं. "त्यांना कशाला बोललात?" ते मलाच म्हणाले. "जिनं सांगायचं ती घरातच सांगत नाही, तर शेजाऱ्यांनी का सांगावं? मी दारोदार का विचारत होतो, बाई? सुशीला मला कधी खरं सांगत नाही म्हणून." मग म्हणाले, "लग्नानंतर मी पहिल्यांदा भात केला, तो खाली लागला. ही खरवड खात बसली आणि म्हणाली, मला अशीच आवडते. मी इतकी वर्षं प्रत्येक वेळी आठवणीनं तिला खरवड वाढत आलो. परवा दवाखान्यात नर्सशी बोलताना ऐकलं, की तिला खरवड कधीच आवडली नाही."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं नाही. सरही हसले, पण लगेच चष्मा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सर औषधं आणायला गेले तेव्हा मी ताईंच्या केसांना तेल लावत होते. मी सरळच विचारलं. "दुखत होतं, तर पुन्हा वाढून कशाला घेतलंत?"

ताईंनी मान वळवून दाराकडं बघितलं. मग म्हणाल्या, "पहाटेपासून उभे असतात हो ते. एकेक दाणा चोळून सालं काढतात. बोटांची कातडी गेलीय. मी दुखतं म्हटलं, तर अख्खं पातेलं ओतून देतील आणि पुन्हा पहिल्यापासून भिजवायला घेतील. त्यांचं काय वय राहिलंय का? मला वाटतं, एखादा दिवस तरी त्यांनी पडून राहावं."

"तुम्ही गेलात की मग पडूनच राहतील," मी म्हटलं.

बोलले ते बोलले, परत घेतलं नाही. ताईंचे खांदे माझ्या हाताखाली हलले. मी तेल लावत राहिले.

पुढं आहार सांगणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडं सर ताईंना घेऊन गेले आणि आजन्म मास्तर असलेला हा माणूस विद्यार्थ्यासारखा ऐकून आला. आता भरड बंद, सालं बंद. बिनसालाची मुगाची डाळ, भिजवून, मऊ शिजवून, गाळून. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा, साखर तपासत. शेजाऱ्यांकडं वाट्या जाणं थांबलं. सर रस्त्यानं खाली मान घालून जायला लागले. वाकचौरेवहिनी दारात उभ्या राहून, हे काही विचारतात का म्हणून बघायच्या.

परवा दुपारची गोष्ट. मी ताईंपाशी बसले होते. सरांनी डाळीची मऊ वाफवलेली वडी कुस्करून वाटीत आणून दिली आणि पाठ फिरवून नळाखाली पातेलं घासायला लागले. हल्ली ते ताईंनाही विचारत नसत. उत्तर ठरलेलं असतं, तर विचारायचं कशाला.

ताईंनी दोन घास खाल्ले. तिसरा चमच्यात घेतला, बघत राहिल्या, आणि चमचा वाटीत ठेवून वाटी बाजूला सारली. त्यांना ताट बाजूला सारताना मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "हे नको. जड जातंय मला."

सरांनी नळ बंद केला.

"कालचंही जड गेलं होतं. परवाचं बरं होतं. ते पातळ होतं म्हणून असेल." त्या थांबल्या नाहीत. "आणि ते आंबवलेलं मला मुळीच सोसत नाही. सुरुवातीपासूनच सोसत नव्हतं."

मला वाटलं, आता सर पातेलं ओतणार आणि पुन्हा डाळ भिजवायला घेणार. ताईंनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. सरांनी हात पुसले, स्टूल ओढलं आणि ताईंच्या जवळ येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"कुठं दुखतंय?"

"इथं," ताई म्हणाल्या. त्यांनी सरांचा हात धरला आणि पदराखाली नेऊन पिशवीवर ठेवला. सरांनी तो हलवला नाही, दाबलाही नाही.

"अजून सांग," ते म्हणाले. वर्गातला आवाज नव्हता तो, मलाही जेमतेम ऐकू आला.

मी उठले आणि दार लोटून घरी आले. कुंपणाच्या भिंतीपलीकडून ताईंचा आवाज येत होता. बराच वेळ त्या सांगत होत्या.